कंपासपेटी

सातवीतली कंपासपेटी. झाकणाच्या आत
चिकटवलेलं वेळापत्रक अजून आहे,
बुधवारी पहिला तास भूमिती.
आत आता कर्कटक नाही,
दोन ट्रान्झिस्टर आहेत, जर्मेनियमचे,
बाबांच्या मेलेल्या रेडिओतून उपटलेले,
आणि वाइंडिंगच्या उरल्यासुरल्या तारेने
मी जोडलेलं बाकी सगळं.
पाय ठेवून ठेवून पेटीला पोचा आलाय.
गिटार आत जाते ती सरळ,
बाहेर येते ती घसा बसलेली.

वर्षभर तेवढं पुरलं. मग पुरेना.
"तुझा फझ फार शहाणा आहे," यामिनी म्हणाली,
ड्रमच्या काठ्या बोटांत फिरवत,
"आल्यागेल्याला नमस्कार करतो."
लागलं ते.

ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये बाबांचा गाळा.
जळालेल्या मोटारी येतात,
नव्या तांब्याच्या होऊन जातात.
मोटारीच्या पोटातलं बाबांना ऐकू येतं:
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानामागच्या हाडाला.
"आवाज आला म्हणजे काहीतरी झिजतंय."
चाळीस वर्षं ते घरघर काढतायत,
समोरच्या बाकावर मी ती घालतेय,
दोघांत सोल्डर गन एकच.

आधी इनपुटचा कपॅसिटर बदलला,
चिमणीएवढा होता, कावळ्याएवढा बसवला:
तळातला चिखल वर आला.
मग एका रेझिस्टरच्या जागी फिरतं बटण,
ट्रान्झिस्टरला उपाशी ठेवता यावं म्हणून.
थोडं उपाशी ठेवलं की तो चिरकतो,
आणखी ठेवलं की सूर
फाटक्या पिशवीतल्या तांदळासारखा
सांडतो, थांबतो, सांडतो.
शेवटी ती तार, जी कुणी लावू नये:
बाहेर पडणारा आवाज उचलून
परत त्याच्याच तोंडात.

पेटी किंचाळली.
बाबांनी वर न बघता मेन स्विच पाडला.
"शॉर्ट झालंय."
"नाही बाबा. जमलंय."

दुपारी पत्रा तापला की जर्मेनियम मान टाकतं.
मग पेटी माठाला टेकवून ठेवायची,
पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा,
हिला ताप आलाय का.
असे तीन आठवडे.
बटण कुठे थांबवायचं तिथे
नेलपॉलिशचा ठिपका दिला.
त्या ठिपक्यावर सहावी तार छेडली की
सूर फाटायचा, आणि फाटलेल्या जागेतून
दर दीड सेकंदाने
कुणीतरी दार ढकलायचं.
मला वाटलं, ती उलटी फिरवलेली तार.
मला वाटलं, मी.

यामिनीला शुक्रवारी बोलावलं.
शुक्रवार म्हणजे इस्टेटची सुट्टी,
शटरं खाली, चहावालासुद्धा नाही,
कुत्री रस्त्याच्या मधोमध आडवी.
पेटीवर पाय ठेवला. ठिपका बरोबर. बॅटरी नवी.
किंचाळली, हो. चिरकली. सांडली.
पण दार कुणी ढकललं नाही.
यामिनी भली बाई, म्हणाली,
छान आहे.

ती गेल्यावर एकेक सांधा परत गरम केला.
वार्निशच्या वासात रोझिनचा धूर.
काही नाही.

बाबा हिशेबाची वही मिटून उठले.
स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीवर, मूठ कानामागे.
"वाजव."
वाजवलं.
बराच वेळ ते तसेच वाकलेले.
मग मधल्या भिंतीवर दोन बोटं टेकवली,
जिच्या पलीकडे घुग्यांची पॉवर प्रेस
आठवड्याचे सहा दिवस वॉशर पाडते,
दीड सेकंदाला एक.
भिंत गप्प होती.

"बिघाड नाही यात," म्हणाले,
स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात खोचत,
"उद्या ये. घुगे साडेआठला चालू करतो."